‘मेटल-फ्री’ ग्राफीन बीकरमध्ये पास, फ्युएल सेलमध्ये नापास: गडबड कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि फ्युएल सेलमध्ये ऑक्सिजनचं रिडक्शन (ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं पाणी करणं) घडवायला प्लॅटिनमऐवजी धातू नसलेलं कॅटलिस्ट शोधताय. हमर्स पद्धतीने (ग्रॅफाइटचं आम्लात परमँगनेटने ऑक्सिडेशन करून) ग्राफीन ऑक्साइड बनवलं, मेलामाइनमध्ये मिसळून ट्यूब फर्नेसमध्ये ९०० अंशांवर भाजलं आणि नायट्रोजन-डोप्ड, म्हणजे जाळीत नायट्रोजनचे अणू बसवलेलं ग्राफीन मिळालं. ०.१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रोटेटिंग डिस्कवर (फिरत्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे आरडीईवर) हाफ-वेव्ह पोटेन्शियल, म्हणजे प्रवाह कमालीच्या निम्मा असतो ते पोटेन्शियल (जास्त तितकं चांगलं), ०.८२ व्होल्ट आलं, शेजारी प्लॅटिनम-कार्बनचं ०.८५. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायच्या तपासणीत) धातू दिसला नाही. मग तेच पावडर नाफिऑन पडद्यावर लावून हायड्रोजन फ्युएल सेल जोडला, तर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १८ मिलिवॉट. त्याच फिक्स्चरमध्ये प्लॅटिनम ६०० च्या पुढे गेलं. गाईड म्हणतात इंक (पडद्यावर लावायचं कॅटलिस्टचं पातळ मिश्रण) नीट जमली नाही. तुम्ही विचारताय की दोष इंकचाच आहे का, आणि सल्फर-फॉस्फरसही घातला तर फरक पडेल का.

माझ्या मते यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बीकरमधला आकडा सेलमध्ये का उतरला नाही, हा एक. तो आकडा मुळात ग्राफीनचा आहे का, हा दुसरा. आणि हे मटेरियल नक्की कोणत्या कामाचं, हा तिसरा. तुम्ही पहिलाच विचारलाय, पण माझी झोप उडाली असती ती दुसऱ्याने.

आधी पहिला उरकतो. तुम्ही चाचणी केलीत अल्कलीत आणि सेल चालवलात आम्लात. नाफिऑन हा सल्फोनिक आम्लाचा पडदा आहे. तिथे कॅटलिस्टच्या भोवती हायड्रॉक्साइड नसतं, प्रोटॉन असतात. आरडीई म्हणजे शितावरून भाताची परीक्षा असं आपण धरतो, पण इथे शीत एका भांड्यातलं आणि भात भलत्याच भांड्यातला झाला.

हा फरक किरकोळ नाही. ऑक्सिजनचं रिडक्शन सुरू व्हायला त्याला पहिला इलेक्ट्रॉन मिळावा लागतो. कॅटलिस्टने ऑक्सिजनला धरून ठेवलंच नाही, नुसता इलेक्ट्रॉन फेकला, तर सुपरऑक्साइड तयार होतं, आणि त्याचं पोटेन्शियल प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण उणे ०.३३ व्होल्ट आहे. हे पीएचवर अवलंबून नाही. आपली आरएचई (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड) मोजपट्टी मात्र पीएचबरोबर सरकते, दर एककाला ५९ मिलिव्होल्टने. म्हणून पीएच १३ ला हीच पायरी आरएचईवर अधिक ०.४४ व्होल्टला पडते आणि पीएच १ ला उणे ०.२७ ला. म्हणजे अल्कलीत पहिली पायरीच ७०० मिलिव्होल्टने बुटकी होते. त्यामुळे अल्कलीत साधी चांदीही बरी चालते, आणि काहीही न केलेला ग्लासी कार्बनसुद्धा थोडंफार काम करून दाखवतो. आम्लात ही सवलत नाही. तिथे ऑक्सिजनला घट्ट धरणारी जागा हवी, आणि ती प्लॅटिनमकडे आहे. त्यातून पिरिडिनिक नायट्रोजनची (पत्र्याच्या कडेला दोन कार्बनना जोडलेल्या नायट्रोजनची) मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी आम्लात प्रोटॉन घेऊन बसते, म्हणजे ज्या जागेवर आपली भिस्त, तीच अडकते.

आता इंक. गाईडचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त ते सगळं कारण नाही. रोटेटिंग डिस्कवर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतो, तो लिटरला जेमतेम १.२ मिलिमोल. १६०० आरपीएमला त्यातून चौरस सेंटिमीटरला सहाच्या आतबाहेर मिलिअँपिअर निघतात आणि तिथे वक्र सपाट होतो. सेलमध्ये आपल्याला हवा असतो एक अँपिअरच्या आसपासचा प्रवाह. म्हणजे दीडशेपट. प्लॅटिनमचा थर साधारण १० मायक्रॉनचा असतो. तुम्ही कार्बन कॅटलिस्ट चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅम लावलंय, म्हणजे थर शंभर मायक्रॉनच्या घरात गेला. एवढ्या जाडीतून ऑक्सिजन आत जायचा, प्रोटॉन पडद्याकडून वर यायचे आणि तयार झालेलं पाणी बाहेर निघायचं, तेही सगळं एकाच वेळी. वर ग्राफीनची खोड अशी की पत्रे सुकताना एकमेकांवर चिकटतात. एका पत्र्याचं सैद्धांतिक क्षेत्रफळ ग्रॅमला २६३० चौरस मीटर सांगतात, पण स्प्रे करून सुकवलेल्या थरात पत्त्यांचा कॅट बंद करून ठेवल्यासारखी अवस्था असते. क्षेत्रफळ आहे, पण ऑक्सिजन तिथवर पोचत नाही.

लिमिंग दाई यांच्या गटाने २०१५ साली आम्लातल्या सेलमध्ये नायट्रोजन-डोप्ड कार्बन चालवून दाखवलं, तेव्हा ग्राफीन आणि नॅनोट्यूबच्या मिश्रणात केटजेनब्लॅक नावाचा कार्बन ब्लॅक मुद्दाम मिसळला होता, पत्रे वेगळे राहावेत म्हणून. तुम्हीही करून बघा. माझ्या हातून कार्बन ब्लॅक मिसळल्यावर आकडा दुपटीच्या आसपास गेलेला आहे. पण १८ चे ३५–४० झाले तरी ६०० कुठे! इंक सुधारून मिळेल ते एवढंच. बाकीची दरी रसायनाची आहे.

आता जिथे मला खरोखर थांबायचंय तिथे येतो. ०.८२ व्होल्ट. ग्राफीन ऑक्साइड आणि मेलामाइनमधून, क्षेत्रफळ वाढवायला काही खास न करता, हा आकडा मला जरा जास्त वाटतो. अशक्य म्हणत नाही. पण माझ्या विद्यार्थ्याने हा आकडा आणला तर अभिनंदन करण्याआधी मी विचारेन, लोखंड किती आहे?

तुम्ही म्हणाल, एक्सपीएसमध्ये काहीच नव्हतं. पण एक्सपीएसची नजर साधारण ०.१ अणु-टक्क्याच्या खाली पोचत नाही. लोखंडाचा अणुभार ५६, कार्बनचा १२. म्हणजे हजारात एक अणू लोखंड असेल तर वजनाने ते ०.४६ टक्के, म्हणजेच ४६०० पीपीएम. एवढं लोखंड पोटात घेऊनही तुमचा स्पेक्ट्रम सपाट दिसू शकतो. शिवाय एक्सपीएस फक्त वरचे काही नॅनोमीटर बघतं. पत्र्यांच्या घडीत अडकलेला कण त्याला दिसतच नाही.

किती लोखंड पुरतं, याचा हिशेब कागदावर मांडून बघा. समजा फक्त १०० पीपीएम आहे. एका ग्रॅममध्ये १.८ मायक्रोमोल, म्हणजे १०चा १८वा घात इतके अणू आणि वर थोडे. डिस्कवर तुम्ही चौरस सेंटिमीटरला ०.४ मिलिग्रॅम लावलंत, म्हणजे साधारण ४ गुणिले १०चा १४वा घात अणू. त्यातला प्रत्येक अणू नायट्रोजनच्या घरट्यात नीट बसला आणि सेकंदाला १० इलेक्ट्रॉन पुढे सरकवू लागला, तर चौरस सेंटिमीटरला ०.७ मिलिअँपिअर होतात. हाफ-वेव्ह पोटेन्शियल ५०–६० मिलिव्होल्टने पुढे ढकलायला एवढं भरपूर झालं. सगळे अणू नीट बसत नाहीत हे खरं, पण तुमच्याकडे १०० च पीपीएम आहेत हे तरी कुठे ठरलंय?

आणि लोखंड येतं कुठून, तर सगळीकडून. ग्रॅफाइट खाणीतून येतो, त्याच्याबरोबर लोखंड, निकेल, कोबाल्ट येतात. हमर्स पद्धतीत पोटॅशियम परमँगनेट वापरतो, त्यातून मँगॅनीज. आम्लाने धुतलं म्हणून निश्चिंत होऊ नका. पत्र्यांमध्ये दडलेलं धुण्याने निघत नाही. स्टीलच्या स्पॅट्युलाने भांडं खरवडायची सवय, टेफ्लॉन झिजलेला स्टिरर बार, हेही आहेतच.

या क्षेत्राचा इतिहासही जरा मिश्किल आहे. नायट्रोजन आणि धातू एकत्र आले की ऑक्सिजन रिडक्शन होतं, हे जॅसिन्स्कीने कोबाल्ट थॅलोसायनिनवर (नायट्रोजनच्या वलयात कोबाल्ट धरलेल्या रेणूवर) १९६४ सालीच दाखवलं होतं. पुढे २००९ मध्ये दाई यांच्या गटाचं गाजलेलं काम आलं, नायट्रोजन-डोप्ड नॅनोट्यूब धातूशिवाय प्लॅटिनमला टक्कर देतात असं सांगणारं. त्या नॅनोट्यूब बनवल्या होत्या लोखंडाचं थॅलोसायनिन भाजून! लोखंड नंतर काढलं होतं, हे त्यांनी लिहिलंय, लपवाछपवी नव्हती. पाठोपाठ २०१० मध्ये नायट्रोजन-ग्राफीन आलं, तेही निकेलच्या पातळ थरावर वाढवलेलं. मग २०१३ च्या सुमारास जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने आणि वेगळ्या वाटेने रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरांच्या गटाने दाखवलं, की ‘मेटल-फ्री’ म्हणवणाऱ्या बऱ्याच कार्बनमध्ये काम करतो तो उरलासुरला धातूच.

याचा अर्थ सगळंच खोटं, असाही काढू नका. जपानमध्ये त्सुकुबाच्या नाकामुरांच्या गटाने २०१६ मध्ये स्वच्छ ग्रॅफाइटच्या सपाट पृष्ठभागावर मोजून-मापून नायट्रोजन बसवला आणि दाखवलं, की पिरिडिनिक नायट्रोजन जितका जास्त तितकी क्रिया जास्त, आणि ऑक्सिजन धरतो तो नायट्रोजन नव्हे, त्याला लागून असलेला कार्बन. नायट्रोजनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन ओढायची ताकद) ३.०४, कार्बनची २.५५, शेजारच्या कार्बनवरचा इलेक्ट्रॉनचा बंदोबस्त त्यामुळे बदलतो. म्हणजे धातूशिवायची क्रिया खरी आहे. प्रश्न एवढाच, की तुमच्या ०.८२ मध्ये तिचा वाटा किती.

माझी स्वतःची फजिती सांगतो. आमच्या नायट्रोजन-ग्राफीनचं हाफ-वेव्ह ०.८३ आलं होतं. सहा महिन्यांची मापनं, पेपरचा मसुदा तयार, मुखपृष्ठासाठी चित्रसुद्धा काढून झालेलं. एक दिवस नमुना ठेवून भाजायची अल्युमिनाची बोट (आमच्या लॅबमध्ये हा शब्द रोज कुणाला तरी हसवतो) उन्हात धरली, तर तिच्या कडेला चहाचा डाग पडावा तशी फिकट विटकरी रेघ. आधी वाटलं मेलामाइनचं काहीतरी जळलं असेल. मग क्वार्ट्झ ट्यूबच्या थंड टोकाला, जिथे फर्नेसच्या बाहेर ती उघडी असते, तिथे कापूस फिरवला. कापूस पिवळट आला. त्यावर थायोसायनेटचा थेंब टाकला आणि तो रक्तासारखा लाल झाला. आमच्या आधी कुणीतरी त्याच ट्यूबमध्ये फेरिक क्लोराइड भाजत होतं. ते ३०० अंशांच्या थोडं वर वाफ होऊन उडतं आणि थंड टोकाला जाऊन बसतं. पुढच्या माणसाच्या भट्टीत हळूहळू परत येतं. नवी ट्यूब, नवी बोट घेतली, बाकी कृती तीच. हाफ-वेव्ह ०.७६. मसुदा अजून माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे.

तेव्हा तुम्ही पहिलं काम करा आयसीपी-एमएसचं (अतिसूक्ष्म प्रमाणातला धातू मोजायच्या तपासणीचं). पावडर जाळून राख आम्लात विरघळवून द्या, नुसतं आम्लात भिजवून गाळलेलं पाणी देऊ नका. लोखंड, कोबाल्ट, निकेल, मँगॅनीज, तांबं, पाचही विचारा. सुरुवातीच्या ग्रॅफाइटचा आणि मेलामाइनचाही नमुना पाठवा, नाहीतर आकडा आला तरी तो कुठून आला हे कळणार नाही. तुमच्या संस्थेत सोय नसेल तर बाहेरून करून घ्या. खर्च होतो, पण प्रबंधाच्या मध्यावर कुणी परीक्षकाने विचारण्यापेक्षा स्वस्त.

दुसरं, मुद्दाम लोखंड घाला. हे ऐकून तुमचे गाईड चमकतील. पण त्याच कृतीत, ग्राफीन ऑक्साइडच्या टप्प्यावर, ५० आणि २०० पीपीएम लोखंड घालून दोन नमुने भाजा. ५० पीपीएमनेच हाफ-वेव्ह ठळक सरकलं, तर तुमच्या मूळ नमुन्यातल्या तेवढ्याच लोखंडाला निरुपद्रवी म्हणता येणार नाही. काहीच हललं नाही, तर तुमचा दावा भक्कम झाला. मला हा प्रयोग सायनाइडच्या विषबाधा चाचणीपेक्षा (धातूच्या जागा अडवून क्रिया घटते का बघायच्या चाचणीपेक्षा) जास्त पटतो. सायनाइड जिवाला धोकादायक, आणि कार्बनवरही त्याचा थोडा परिणाम होतो म्हणून निष्कर्ष गढूळ येतो. थायोसायनेट तुलनेने बरं, पण ते आम्लात चालतं. अल्कलीत त्याच्यावर विसंबू नका.

तिसरं, तुमच्या सेटअपमध्ये काउंटर इलेक्ट्रोड (सर्किट पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड) कशाचा आहे? तुम्ही लिहिलेलं नाही. प्लॅटिनमची तार असेल तर आजच काढून ग्रॅफाइटची कांडी लावा. प्लॅटिनम विरघळतं, द्रावणातून फिरत येतं आणि तुमच्या कार्बनवर बसतं. याची एक खूण आहे: पाच हजार सायकलच्या टिकाऊपणाच्या चाचणीनंतर कॅटलिस्ट सुधारलेलं दिसतं. कार्बन वापराने सुधारत नसतो. असं दिसलं तर आनंद नको, संशय घ्या. रेफरन्स इलेक्ट्रोडही (ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतो तो) तपासा. अल्कलीत सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड वापरू नका, मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड घ्या आणि हायड्रोजन सोडून आरएचईशी प्रत्यक्ष जुळवून घ्या. नुसत्या सूत्राने बदललेल्या आकड्यात २०–३० मिलिव्होल्टची चूक मी कितीदा तरी पाहिली आहे, आणि तुमचा प्लॅटिनमशी फरकच मुळी ३० आहे.

चार इलेक्ट्रॉनांबद्दलही थोडं: ऑक्सिजनला चार मिळाले तर पाणी होतं, दोनच मिळाले तर पेरॉक्साइड. तुम्ही कुटेकी-लेविच पद्धतीने दर ऑक्सिजनमागे इलेक्ट्रॉनांचा आकडा ३.९ काढलाय. जाड थरात ऑक्सिजनपासून आधी पेरॉक्साइड होतं, ते बाहेर पडायच्या आत वाटेतच पुन्हा रिड्यूस होतं आणि बाहेरून बघणाऱ्याला चार इलेक्ट्रॉन दिसतात. रिंग-डिस्क (डिस्कभोवतीच्या कड्यावर पेरॉक्साइड पकडणारा इलेक्ट्रोड) वापरा आणि लोडिंग ०.४ वरून ०.१, मग ०.०५ मिलिग्रॅमवर आणा. पेरॉक्साइडचा टक्का वाढत गेला, तर तुमचं मटेरियल मुळात दोन इलेक्ट्रॉनांचं आहे. याचा सेलशी थेट संबंध आहे. पेरॉक्साइड आणि किंचित लोखंड एकत्र आलं की फेंटनची क्रिया होते, आणि तिच्यातून निघणारे रॅडिकल नाफिऑनचा पडदाच खातात. म्हणजे ज्या लोखंडाने बीकरमध्ये तुमचा आकडा फुगवला असेल, तेच सेलमध्ये पडदा पोखरायला बसलेलं असू शकतं. तुमचं ओपन सर्किट व्होल्टेज दिवसागणिक घसरत असेल तर हेही डोक्यात ठेवा.

सल्फर-फॉस्फरसचं म्हणाल, तर मी त्यात वर्ष घालवणार नाही. नायट्रोजन कार्बनपेक्षा विद्युतऋण म्हणून क्रिया वाढते, हे ठीक. पण बोरॉन २.०४, फॉस्फरस २.१९, दोघेही कार्बनच्या खाली. तरी तेही ‘सुधारतात’. सल्फर २.५८, कार्बनच्या जवळजवळ बरोबरीचा, तोही ‘सुधारतो’. काहीही घातलं तरी सुधारणा होत असेल, तर ती घातलेल्या मूलद्रव्याची की त्याने पाडलेल्या भोकांची आणि मोडलेल्या कडांची, हे विचारायला हवं. पुमेरांच्या गटाने २०२० साली याची टर उडवत पक्ष्यांची विष्ठा घालून ग्राफीन डोप केलं आणि तेही साध्या ग्राफीनपेक्षा सरस निघालं. विष्ठेत नायट्रोजन, फॉस्फरस, सल्फर सगळंच असतं. लेखाच्या शीर्षकातला शब्द मी इथे भाषांतरित करत नाही. तुम्हाला डोपिंगमध्येच काही करायचं असेल तर नायट्रोजनचेच प्रकार वेगळे करा: एक्सपीएसमध्ये ३९८.५, ४०० आणि ४०१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे पिरिडिनिक, पायरोलिक, ग्राफिटिक. भाजायचं तापमान ७०० ते १००० पर्यंत बदललं की एकूण नायट्रोजन घटतो आणि ग्राफिटिकचा वाटा वाढतो. त्याच्याशी क्रिया जुळते का बघा, आणि प्रत्येक नमुन्याचा लोखंडाचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहा.

शेवटी तिसरा प्रश्न, हे चालवायचं कुठे. इथे तुमच्या लॅबमध्ये काय सोय आहे यावर बरंच अवलंबून आहे. हायड्रोजन गाडीचं स्वप्न असेल, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि केपीआयटी कंपनीने २०२० मध्ये गाडी आणि २०२२ मध्ये बस चालवून दाखवली तसं, तर तिथला सेल पीईएमचा (प्रोटॉन नेणाऱ्या पडद्याचा), आम्लाचा आहे. धातूशिवायच्या ग्राफीनला तिथे मी सध्या पाठवणार नाही. आणि गाडी चालू-बंद करताना कॅथोडचं पोटेन्शियल दीड व्होल्टपर्यंत उसळतं. कार्बनचं ऑक्सिडेशन तर ०.२१ व्होल्टलाच ऊर्जेच्या हिशेबाने शक्य आहे, फक्त संथ आहे म्हणून आपण वाचतो. अल्कलाइन पडदा मिळत असेल तर तो सेल बांधा, निदान शीत आणि भात एका भांड्यातले होतील. हवेऐवजी आधी शुद्ध ऑक्सिजन द्या, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या पडद्यात कार्बोनेट करून बसतो आणि दोष पुन्हा कॅटलिस्टच्या माथी जातो. पडदा नसेल तर झिंक-एअर बॅटरी: ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जस्ताचा पत्रा, हवेचा कॅथोड. हे आठवड्याभरात उभं राहतं.

रिंग-डिस्कवर पेरॉक्साइड भरपूर दिसलं तर मात्र मी वाईट वाटून घेणार नाही. जागच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणं हा स्वतंत्र आणि चांगला विषय आहे, आणि तिथे दोन इलेक्ट्रॉन हाच गुण आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने नेमकी हीच वाट धरली, नाराज होऊन धरली, आणि त्याचं काम माझ्या कामापेक्षा लवकर संपलं.

गाईडना सांगताना ‘तुमचा अंदाज चुकला’ असं म्हणू नका. ‘इंक बदलण्याआधी लोखंड मोजून घेऊ’ म्हणा, ते नाही म्हणणार नाहीत. आणि फर्नेसची ट्यूब आधी कुणी कशासाठी वापरली हे लॉगबुकात नसेल, तर लॅबमधल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा. आमच्याकडे लॅब असिस्टंट काकांना फेरिक क्लोराइडचं सगळं माहीत होतं. सहा महिने रोज त्यांच्याबरोबर चहा पीत होतो, कुणी विचारलंच नव्हतं.